न झालेले गर्भाधान

‘दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई’ हा खटला मुंबई उच्च न्यायालयाच्या छापील निवाड्यांत दोनदा येतो: इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेतील नवव्या खंडात पान ५२९ वर आणि दहाव्या खंडात पान ३०१ वर. पहिल्या ठिकाणी रखमाबाई जिंकतात, दुसऱ्या ठिकाणी हरतात. हे दोन निकाल, त्यांच्या आगेमागे वर्तमानपत्रांत आलेली पत्रे आणि वादी-प्रतिवादींनी १८८७ साली एकमेकांविरुद्ध छापलेली निवेदने यांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. स्त्रीशिक्षण, सुधारक आणि सनातनी यांचा झगडा, इंग्रजी कायदा आणि हिंदू धर्मशास्त्र यांची गाठ, या अंगांनी ते बहुतेक लिहिले गेले, आणि ते योग्यच होते. पण कागद सालवार लावून वाचत गेले की एक घरगुती घटना सारखी पुढे येते. खटला उभा राहण्याच्या सात-आठ वर्षे आधी मुंबईतल्या एका डॉक्टरने आपल्या सावत्र मुलीला न्हाण आले तेव्हा तिचे गर्भाधान होऊ दिले नाही. त्या नकाराशिवाय हा खटला असा उभाच राहिला नसता, आणि पहिला निकाल तर शक्यच नव्हता.

तो डॉक्टर म्हणजे सखाराम अर्जुन. ग्रँट मेडिकल कॉलेजशी जोडलेला, वनस्पतिशास्त्राचा जाणकार, मुंबईच्या औषधी द्रव्यांची सूची छापणारा माणूस. १८८३ मध्ये मुंबईत निसर्गेतिहास मंडळ स्थापन झाले तेव्हा संस्थापक आठ जणांत दोनच भारतीय होते, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. रखमाबाईंची आई जयंतीबाई पंधराव्या वर्षी आई झाली आणि सतराव्या वर्षी विधवा. पहिले पती जनार्दन पांडुरंग यांच्यानंतर सहा वर्षांनी तिने सखाराम अर्जुनांशी पुनर्विवाह केला. सुतार जातीत विधवेच्या पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता. लग्नापूर्वी तिने पहिल्या नवऱ्याकडून आलेली मालमत्ता मुलीच्या नावे केली. या मालमत्तेचा धागा पुढच्या सगळ्या भांडणात आहे. दादाजींच्या निवेदनात तर तोच मुख्य आहे.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजींशी लागले. दादाजी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचे होते आणि सखाराम अर्जुनांच्याच नात्यातले होते. हे लग्न नेहमीसारखे नव्हते. मुलगी सासरी जायची नव्हती. दादाजींनी घरजावई म्हणून राहायचे, शिकायचे, चांगला माणूस व्हायचे, असे ठरले होते. लग्नानंतर काही महिन्यांतच रखमाबाईंना न्हाण आले, आणि प्रथेप्रमाणे गर्भाधानाचा प्रश्न उभा राहिला.

आजच्या वाचकाला इथे थोडे थांबावे लागेल. गर्भाधान हा सोळा संस्कारांतला एक, पण घराघरांत तो पोथीतला शब्द नव्हता. मुलगी शहाणी झाली की तिला वेगळे बसवायचे, मखर, ओटी, नातेवाइकांची ये-जा, गोडधोड, आणि मग फलशोभन. मुलीच्या शरीरात झालेला बदल साऱ्या वाडीला कळायचा आणि त्यानंतरची रात्रही साऱ्या वाडीला ठाऊक असायची. ऋतुप्राप्ती म्हणजे शरीर तयार झाले, हे गृहीत या सोहळ्याच्या पोटात होते. मुलीला काय वाटते हा प्रश्न त्यात कुठेच बसत नव्हता. तो विचारायचा तर कोणत्या क्षणी, आणि कोणी? म्हणूनच एखाद्या घराने गर्भाधान लांबणीवर टाकले तर ते चारचौघांत उघडे पडत असे. नवऱ्या मुलालाही ते अपमानाचे वाटे. दादाजी वीस वर्षांचे, लग्न झालेले, सासऱ्याच्या घरी राहणारे, लहान मुलांच्या वर्गात शिकायला पाठवलेले, आणि बायको समोर असून नवरेपण न मिळालेले. त्यांचा राग समजून घेण्यासारखा आहे. ते घर सोडून मामा नारायण धुर्माजी यांच्याकडे राहायला गेले. शिक्षण सुटले, पुढे ते क्षयाने आजारी पडले.

कायद्याची मदत सखाराम अर्जुनांना नव्हती. १८६० च्या दंडसंहितेने संमतीचे वय दहा ठेवले होते, बायकोच्या बाबतीतही. रखमाबाई दहाच्या पुढे होत्या. म्हणजे फौजदारी कायदा त्या रात्रीच्या आड येत नव्हता, धर्मशास्त्र ती रात्र मागत होते, जात तिची वाट पाहत होती. आड आला तो एक डॉक्टर.

तो एकटा होता असे मात्र समजू नये. १८७१ साली केशवचंद्र सेन यांनी ब्राह्म विवाहाच्या कायद्यासाठी देशातल्या नामांकित डॉक्टरांना एक प्रश्न पाठवला होता: इथल्या मुलींचे लग्नाचे योग्य किमान वय कोणते? कलकत्त्याच्या नॉर्मन चिव्हर्स, जोसेफ फेयरर, महेंद्रलाल सरकार यांची उत्तरे सोळाच्या आसपास आली. मुंबईहून आत्माराम पांडुरंग यांनी वीस वर्षे सांगितली. सगळ्या उत्तरांत हे वय सर्वांत मोठे होते. १८७२ च्या तिसऱ्या कायद्यात शेवटी मुलीसाठी चौदा आणि मुलासाठी अठरा वर्षे ठरली, पण तो कायदा हिंदू धर्म नाकारून लग्न करणाऱ्यांसाठीच होता. त्या पत्रव्यवहाराचा गाभा असा की पाळी सुरू होणे आणि शरीर गर्भधारणेला तयार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रार्थना समाजाचे संस्थापक आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन एकाच शहरात, एकाच व्यवसायात, पुढे एकाच मंडळात वावरत होते. १८७६ च्या सुमारास सखाराम अर्जुनांनी घरात घेतलेला निर्णय हा मुंबईच्या डॉक्टरांत आधीच रुजलेल्या मताचा होता, असे अनुमान मी काढतो. ते अनुमान आहे; पण परिस्थिती त्याला पूर्ण पाठिंबा देते.

या निर्णयाचे कौतुक करताना त्याच घराने अकरा वर्षांच्या मुलीचे लग्न लावून दिले होते हे विसरता येत नाही. जयंतीबाईंचे वडील हरिश्चंद्र यादवजी यांचा घरात शब्द चाले, रूढीचे दडपण होते, हे सगळे खरे. तरी लग्न लावायचे पण शरीर राखायचे, ही तडजोड होती. सुधारकांच्या पहिल्या पिढीतल्या अनेकांनी ती केली. तिची किंमत बहुधा मुलींनी मोजली. रखमाबाईंच्या बाबतीत त्या तडजोडीने शरीर वाचवले, आणि लग्नाची बेडी तशीच ठेवली.

आता गर्भाधान झाले नाही हे आपण कशावरून म्हणतो? दादाजींचे निवेदन आणि रखमाबाईंचे त्याला उत्तर ही दोन्ही पक्षपाती कागदपत्रे आहेत. दादाजी म्हणतात, सासरच्यांनी मालमत्तेसाठी बायको अडवून ठेवली. रखमाबाई म्हणतात, हा माणूस शिकला नाही, रोगी आहे, ज्याच्या आश्रयाला आहे त्या मामाचे चारित्र्य बरे नाही. दोघांचे जवळजवळ कशावरच एकमत नाही. पण नवरा-बायको म्हणून ते कधी एकत्र राहिले नाहीत, यावर दोघांचे एकमत आहे, आणि पहिल्या निकालात न्यायाधीशांनी तेच तथ्य म्हणून नोंदवले आहे. वैरी ज्यावर सहमत असतात तिथे इतिहासकाराला पाय रोवून उभे राहता येते.

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलांमार्फत सखाराम अर्जुनांना पत्र पाठवून बायको नांदायला पाठवण्याची मागणी केली. मग उच्च न्यायालयात दावा दाखल झाला. मागणी होती ‘वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेची’. हा शब्दप्रयोग इंग्लंडच्या धर्मपीठाच्या न्यायालयांतून आला होता. तिथे तो वेगळ्या झालेल्या नवरा-बायकोला पुन्हा एका छपराखाली आणण्यासाठी वापरला जाई. मराठीत त्याला आपण ‘नांदणे’ म्हणतो, आणि त्या एका शब्दात चूल, उंबरठा, सासूचे बोल, धुणीभांडी आणि अंथरूण हे सगळे एकत्र येते. बाई नांदते की नाही एवढेच विचारले जाते. त्यातले तिला काय हवे, काय नको, हे सुटे करून विचारायला भाषेत जागाच नाही. रखमाबाईंनी ती जागा कोर्टात मागितली.

त्यांचा लेखी जबाब सरळ होता. लग्नाच्या वेळी आपण समज येण्याच्या वयाच्या नव्हतो. वादी घर आणि पोटापाण्याची सोय करू शकत नाही. त्याला दम्याचा आणि क्षयाचा विकार आहे. तो ज्याच्या घरी राहतो तिथे राहणे शक्य नाही. आजाराचा मुद्दा सहज ओलांडून जाण्यासारखा नाही. क्षय हा एकाकडून दुसऱ्याला लागणारा रोग आहे हे रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवल्यावर डॉक्टरांच्या घरी तरी ठाऊक झाले होते. ज्या घरात रखमाबाई वाढल्या ते डॉक्टरांचेच घर होते. म्हणजे त्यांच्या नकारात आवड-नावडीबरोबर स्वतःच्या आरोग्याचाही हिशेब होता.

दावा चालू असतानाच, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन वारले. आधार गेला त्याच वर्षी रखमाबाईंनी जाहीर बोलायला सुरुवात केली. २६ जून १८८५ रोजी टाइम्स ऑफ इंडियात ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने बालविवाहावर पत्र छापून आले, सप्टेंबरमध्ये सक्तीच्या वैधव्यावर दुसरे. लिहिणारी कोण हे पुढे उघड झाले. वर्षभरापूर्वी बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्यावर टिपणे काढून देशभर चर्चा पेटवली होती, त्या चर्चेत जवळजवळ सगळे बोलणारे पुरुष होते. या पत्रांत ज्या मुलीचे लग्न झाले आहे तीच बोलत होती. शाळा अकराव्या वर्षी सुटते, पुस्तक हातातून जाते, मनाची वाढ थांबवली जाते, हे तिचे मुख्य दुःख. शिकण्याची इच्छा आणि आपण यांच्यामध्ये ही प्रथा आली, असे ती सांगते. आज आपण ज्याला मानसिक आघात म्हणू, त्याचे वर्णन तिने अभ्यासाच्या भाषेत केले आहे. दुसरी भाषा सभ्य घरातल्या बाईला वर्तमानपत्रात वापरताच आली नसती. तरी वाचणाऱ्याला कळत होते.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती रॉबर्ट हिल पिन्हे यांनी निकाल दिला. निकाल लहान आहे आणि आजही वाचताना अंगावर काटा येतो. वादी हक्कांची पुनःस्थापना मागतो, पण जे कधी स्थापन झालेच नाही ते पुन्हा स्थापायचे कसे, असा त्यांचा पहिला मुद्दा. हे दोघे कधी एकत्र राहिलेच नाहीत, तेव्हा वादीला हवी आहे ती पहिल्यांदाची स्थापना, आणि तशा दाव्याला ना हिंदू कायद्यात आधार, ना इंग्रजी. दुसरा मुद्दा अधिक धीट आहे. एका तरुण स्त्रीला, तिला न आवडणाऱ्या माणसाकडे, तिच्या इच्छेविरुद्ध त्याने तिच्याशी संग करावा म्हणून जायला भाग पाडणे हे रानटी, क्रूर आणि किळस आणणारे कृत्य होईल, अशा आशयाचे शब्द त्यांनी वापरले. खटल्याच्या साऱ्या दफ्तरात ही जागा मला सर्वांत मोलाची वाटते. ‘हक्क’, ‘नांदणे’, ‘कर्तव्य’ अशा झाकलेल्या शब्दांखाली नेमके काय मागितले जात आहे, ते एका न्यायाधीशाने उघड्या शब्दांत लिहून ठेवले.

आणि हे लिहिणे शक्य झाले ते गर्भाधान झाले नव्हते म्हणून. बाराव्या वर्षी ते झाले असते, पुढे एखादे मूल झाले असते, आणि मग रखमाबाई माहेरी परतल्या असत्या, तर पिन्हे यांच्या निकालाचा पहिला खांबच उरला नसता. सखाराम अर्जुनांनी एका मुलीच्या प्रकृतीसाठी घेतलेला निर्णय असा न्यायालयात कायद्याचा मुद्दा होऊन उभा राहिला. ते स्वतः निकालाच्या पाच महिने आधी गेलेले होते.

दादाजींनी अपील केले. मुख्य न्यायमूर्ती चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी १८८६ मध्ये पिन्हे यांचा निकाल फिरवला. त्यांचे म्हणणे असे की हिंदू विवाह विधीने पूर्ण होतो, संगाने नाही. त्यात वधूच्या संमतीची अट नाही. आणि बायकोने नवऱ्याच्या घरी राहावे हे कर्तव्य लग्नाबरोबरच लागू होते. शरीरसंबंध आला की नाही या प्रश्नाला त्यांनी वजनच दिले नाही. प्रिव्ही कौन्सिलने १८६७ मध्ये एका मुसलमान जोडप्याच्या खटल्यात असे दावे चालतील म्हटले होते, तो आधारही हाताशी होता. कायद्याच्या चौकटीत या निकालात तर्काची चूक काढणे सोपे नाही. पण पिन्हे यांच्या निकालात जी स्त्री देहामनासकट उभी होती, ती इथे दिसेनाशी झाली.

फेरसुनावणी न्यायमूर्ती फॅरन यांच्यापुढे झाली. ४ मार्च १८८७ रोजी त्यांनी हुकूम दिला: एका महिन्याच्या आत नवऱ्याकडे जावे; न गेल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली.

त्या दिवसाच्या सहा दिवस आधी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी वारल्या होत्या. या दोन तारखा मला एकमेकींपासून दूर ठेवता येत नाहीत. आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. रखमाबाईंपेक्षा त्या जेमतेम चार महिन्यांनी लहान. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत मूल गेले. वैद्यक शिकण्याची त्यांची ओढ त्या मृत्यूतून आली, असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या; प्रबंधाचा विषय त्यांनी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा घेतला होता. पतीने त्यांना शिकवले आणि अमेरिकेला पाठवले, हे त्या काळात अपूर्व होते. तरी चौदाव्या वर्षी बाळंत होण्यापासून त्यांना कोणी थांबवले नाही. एकाच पिढीतल्या, एकाच मराठी मुलखातल्या या दोन मुली. एकीच्या घरात डॉक्टर होता आणि त्याने नकार दिला. दुसरीच्या घरात तो नकार देणारे कोणी नव्हते.

फॅरन यांच्या हुकमानंतर गदारोळ उठला. बाजूने प्रिन्सिपल वर्ड्‌स्वर्थ, मलबारी आणि इतरांनी बचाव समिती उभी केली. काशिनाथ त्र्यंबक तेलंग तर रखमाबाईंच्या वकिलांपैकीच होते. पुण्यात टिळक विरोधात आणि आगरकर बाजूने असे उभे राहिले. त्या दोघांत आधीच वाढत असलेल्या दुराव्यात हे प्रकरण एक टप्पा ठरले. ती सगळी कहाणी मराठी वाचकाला परिचित आहे, तिथे मी रेंगाळत नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हुकूमनाम्याची अंमलबजावणी सोडून दिली. पुढे त्यांनी दुसरे लग्न केले. रखमाबाईंना ती वाट मोकळी नव्हती. तडजोडीने हुकूमनामा संपला, लग्न संपले नाही. हिंदूंना घटस्फोट नव्हता. कायद्याच्या नजरेत त्या दादाजींची बायकोच राहिल्या. १९०४ मध्ये दादाजी वारल्यावर त्यांनी विधवेचे पांढरे लुगडे नेसायला सुरुवात केली, असे त्यांच्या चरित्रांत नोंदले आहे. आधुनिक वाचकाला हे खटकते. पण ज्या समाजाने त्यांना दुसरे काही होऊच दिले नव्हते, त्या समाजात राहून त्यांना रोज आजारी बायकांच्या घरात शिरायचे होते. त्या पांढऱ्या लुगड्याला शरणागती म्हणायला मी तयार नाही.

१८८९ मध्ये रखमाबाई लंडनला गेल्या. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांचा त्यामागे पाठिंबा होता. त्या लंडनच्या महिला वैद्यकीय विद्यालयात शिकत असताना इकडे गर्भाधानाचा प्रश्न पुन्हा उसळला, आणि या वेळी तो एका मृत्यूवर उभा होता. जून १८९० मध्ये कलकत्त्यात फूलमणी दासी ही अकरा वर्षांची मुलगी, तिशी गाठलेल्या नवऱ्याने केलेल्या संगामुळे रक्तस्राव होऊन मेली. नवरा हरिमोहन मैती याच्यावर खटला चालला. मुलगी दहा वर्षांच्या पुढची, म्हणून बलात्काराचे कलम लागूच होत नव्हते. बेपर्वाईने जबर दुखापत केल्याबद्दल त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. डॉक्टरांची साक्ष स्पष्ट होती, शवपरीक्षा स्पष्ट होती. फक्त कायद्यात त्या कृत्याला नाव नव्हते.

त्यानंतर हिंदुस्थानात काम करणाऱ्या पंचावन्न स्त्री डॉक्टरांनी सरकारकडे अर्ज केला. लखनौच्या डॉ. मॉनेल मॅन्सेल यांनी त्यात पुढाकार घेतला होता. अर्जाला त्यांनी स्वतः पाहिलेल्या तेरा मुलींची उदाहरणे जोडली होती: कोणाचे हाड निखळलेले, कोणी पंगू झालेली, कोणी मेलेली. वय चौदा करा, अशी मागणी होती. लंडनहून रखमाबाईंनीही १८९० मध्ये ‘न्यू रिव्ह्यू’त बालविवाहाविरुद्ध लेख लिहिला. ९ जानेवारी १८९१ रोजी सर अँड्र्यू स्कोबल यांनी विधेयक मांडले ते बारा वर्षांचे. तेवढ्यावरही देश हादरला. वाद धर्मशास्त्राच्या अंगाने रंगला: पहिल्या ऋतूतच गर्भाधान केले नाही तर पाप लागते का? रा. गो. भांडारकरांनी ग्रंथांचे आधार देऊन दाखवले की ते पुढे ढकलता येते. टिळकांनी त्यांच्या वाचनाला आव्हान दिले. टिळकांविषयी न्याय्य बोलायचे तर, सुधारकांनी मुलींची लग्ने सोळापर्यंत लांबवण्याचा नियम आधी स्वतःला लावून घ्यावा, असा प्रस्ताव त्यांनी १८९० मध्ये मांडला होता. परक्या सरकारचा कायदा त्यांना नको होता. सोळा वर्षांखालच्या मुलीत राहिलेला गर्भ टिकत नाही असे सांगणारे सुश्रुताचे वचनही या वादात वारंवार पुढे आले. म्हणजे जे सखाराम अर्जुनांना आधुनिक वैद्यकाने शिकवले, ते आपल्याच जुन्या वैद्यकात लिहिलेले होते. धर्मशास्त्र हाताशी धरणाऱ्यांनी वैद्यकशास्त्र मात्र बाजूला ठेवले.

१९ मार्च १८९१ रोजी विधेयक मंजूर झाले. बारा वर्षे. १८७१ मध्ये एका मराठी डॉक्टरने वीस म्हटले होते.

रखमाबाई १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. १८९५ पासून सुरतेला बायकांच्या दवाखान्यात आणि पुढे राजकोटला, अशी तीस वर्षांहून अधिक त्यांनी नोकरी केली. ज्या मुलीचे बाळंतपण एका डॉक्टरने बाराव्या वर्षी टाळले, तिने हजारो बायकांची दुखणी हाताळली. अगदी कोवळ्या बाळंतिणी त्यांत होत्याच, कारण १८९१ चा कायदा कोणाच्या माजघरापर्यंत पोचत नव्हता.

बायकोच्या बाबतीत संमतीचे वय १९२५ मध्ये तेरा आणि १९४९ मध्ये पंधरा झाले. ते अठरा होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाची वाट पाहावी लागली. नवऱ्याकडे न जाणाऱ्या बायकोला तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ मध्ये रद्द झाली. त्या वेळी रखमाबाई अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. पण दावा स्वतः टिकला. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला तेव्हा ‘वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना’ त्याचे कलम ९ होऊन बसली होती. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदाव्या वर्षी, रखमाबाई वारल्या. १९८३ मध्ये आंध्र उच्च न्यायालयाने, स्त्रीच्या शरीरावरचा तिचा अधिकार हे कलम हिरावून घेते, असे म्हणून ते घटनाबाह्य ठरवले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध ठरवले. कलम ९ आजही कायद्याच्या पुस्तकात आहे.